वरसे तळ्याचं पाणी

प्रिय मृणाली,

पेणहून रोह्याला पत्र पाठवायचं म्हणजे तुला हसू येईल. जेमतेम तासाभराची एसटी, आणि तरी आपल्याला भेटून सहा वर्षं झाली. फोन करणार होते, पण फोनवर मी इकडचंतिकडचं बोलत बसते आणि मुद्द्याचं गिळून टाकते. तुला ठाऊक आहे.

मी जूनमध्ये निवृत्त झाले. शाळेत नवा मायक्रोस्कोप आल्यावर आपण दोघी शिकवताना वापरायचो तो जुना अडगळीत पडला होता, तोच मी निरोपाची भेट म्हणून मागून घेतला. आता तो स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो. रविवारी बाटली घेऊन गावतळ्यावर जाते. धुणं धुता धुता ठमाबाई अजून तेच विचारतात, "गो बाय, त्या शेवाळाच्या पाण्यात हाय तरी काय?" मागच्या महिन्यात एका थेंबात व्होल्वॉक्स सापडला. हिरवा गोळा, पोटात पिल्लांचे गोळे, सगळं आपलं गरगर फिरतंय. "बघ, बघ" म्हणत मी खुर्ची सोडून बाजूला सरकले. घरात कोणीच नव्हतं. फार एकटं वाटलं गं. त्या दिवशी जेवलेसुद्धा नाही.

एकीने ओळखलेला जीव दुसरीने पाहिल्याशिवाय त्याचं नाव वहीत चढवायचं नाही, हा आपला नियम. मी एकदा स्वतःच्याच पापणीच्या केसाचं चित्र काढून त्याला कृमी म्हटलं होतं, तेव्हा तू दोन दिवस हसत होतीस. तुझी नजर माझ्याहून चांगली. मला त्याचा अभिमान होता आणि मी जळायचेही, आता लिहूनच टाकते.

गेल्या रविवारी तुझी जुनी विद्यार्थिनी पूजा घरी आली होती. इथे कॉलेजात शिकते. खिडकीतला मायक्रोस्कोप बघून म्हणाली, "आमच्या मृणाली मॅडम आता हात नाय लावत याला. म्हणतात, मला दिसतं ते खरं नसतं." मी चहा ठेवायला उठले.

सहा वर्षांपूर्वी वरसे तळ्याच्या पाण्यात तुला ते कप्प्याकप्प्यांचं कवच दिसलं, खाडीच्या खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या फोरामिनिफेरा या सूक्ष्मजीवाचं. तळ्यात खारं पाणी शिरतंय, असं तू विज्ञान शिक्षकांच्या बैठकीत उभं राहून सांगितलंस. तळ्याचं पाणी पुन्हा आणून तपासलं, तर काहीच निघालं नाही. सगळे हसले. मी मान खाली घालून बसले. मृणाली, ती पहिली बाटली मी भरली होती. आदल्या दिवशी तीच बाटली मी धरमतरच्या खाडीत बुडवली होती. दुसरीकडचं पाणी घेण्याआधी तिथल्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची, हे आपण पोरांकडून घोकून घ्यायचो. मला कोलाडची गाडी गाठायची होती. मी तशीच भरली. लोक हसत होते तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं, आणि मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, सहा वर्षं नाही. आज शिक्षक संघालाही हे माझ्या नावानिशी लिहून कळवलं आहे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण तुझे डोळे बरोबर होते, मृणाली. पाणी मी चुकीचं दिलं होतं.

अजूनही तुझीच म्हणवून घेणारी,
नमिता