सव्वीसशेची इस्त्री

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

विमानाचे तिकीट एकतीसशे. बॅगेचा दंड सव्वीसशे. बाबांनी कोळशाची इस्त्री भंगारवाल्याकडून चाळीसला घेतली होती. ती मला काल सव्वीसशेला पडली. वर रांगेतल्या अनोळखी माणसांसमोर बनियनींचे प्रदर्शन झाले, ते वेगळेच.

पंधरा किलोची मर्यादा, आणि बॅग भरली साडेएकोणीस. काउंटरवरच्या मुलीला मी शांतपणे सांगितले की, बाई, तुमचा काटा बिघडलाय. मी बॅगा विकून म्हातारा झालो, बाजारात मलाच काटा म्हणतात. हाताने उचलून जे वजन सांगतो त्यात पावशेराचा फरक पडत नाही, आणि तुझ्या दारात ही बॅग चौदा किलो होती. ती म्हणाली, उघडून बघा काका. उघडली, तर माझ्या बनियनींत गुंडाळलेली इस्त्री! कोट चढवला, त्यावर स्वेटर चढवला, खिशात चार्जर कोंबले, तरी काटा काही खाली येईना. इस्त्री इथेच ठेवा नाहीतर पैसे भरा, म्हणाली. भरले.

आता मुद्द्याचे. बारा वर्षांपूर्वी हीच इस्त्री मी दुकानात ठेवायला मागितली, तेव्हा तू म्हणाली होतीस की मी असेपर्यंत ती या घरातून हलणार नाही. मग ती हलली कशी? तब्येत बरी आहे ना? खरे लिही. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

---

ता. ११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कोटावर स्वेटर घातलेला तू डोळ्यांपुढे आलास आणि मी एकटीच हसत बसले. तब्येत ठणठणीत आहे. इस्त्री येता-जाता पायात येत होती, म्हणून घातली तुझ्या गळ्यात. एवढ्याशा गोष्टीचा पंचनामा करू नकोस.

वहिनीचा गुडघा कसा आहे? आणि हो, रिकामी असताना वजनाला सगळ्यात हलकी अशी मोठी बॅग कुठली? सहज विचारते, शेजारणीला हवी आहे.

रागावला असशील तर रागासकट लोभ चालेल.

तुझी,
धाकटी

---

ता. १७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

वहिनीचा गुडघा आहे तसाच आहे. शेजारणीचे मात्र पटले नाही. शेजाऱ्यासाठी बॅग बघायला येणारे गिऱ्हाईक स्वतःच ती ओढत घरी जाते, हे मी आयुष्यभर बघत आलो.

तुझ्याकडे चार दिवस होतो तेव्हा बोललो नाही, पण कान उघडे होते. आतल्या खोलीत मी खोकलो तर खोकला भिंतीवरून परत आला. भरलेल्या खोलीत असे होत नाही. कपाट गेले कुठे? एकदा तू स्वयंपाकघरातून फोनवर दबक्या आवाजात विचारत होतीस, तेवीसच का, जास्त नाही का चालणार? मला वाटले, वाण्याशी बोलतेस. तेवीस किलो परदेशी विमानात चालतात, हे मला घरी आल्यावर सुचले.

निघालो त्या सकाळी तो जाडा गृहस्थ आला. विम्याचा माणूस म्हणालीस. विम्याचा माणूस बसतो, कागद काढतो, चहा घेतो. हा छताकडे बघत होता, भिंतीवर टकटक करत होता. बॅग मी तो यायच्या आधी उचलली, चौदा किलो. तो गेल्यावर टॅक्सीवाल्याने नेली. म्हणजे इस्त्री मधल्या वेळात आत गेली. त्या माणसाने तुला असे काय सांगितले, की तू घाईघाईने बाबांची वस्तू माझ्याकडे पळवलीस? त्याला परदेशातून भाचेराजांनीच पाठवले होते ना? पोरगा तुला घरातून काढून तिकडे मुले सांभाळायला नेतोय, दुसरे काय!

कशावरही सही करू नकोस. रविवारी येतो. तुला इकडे खोली आहे, तुझ्या वहिनीशी बोललोय. भीती वाटत असेल तर तेवढेच लिही.

काळजी करणारा,
दादा

---

ता. २१ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी ये, पण भांडायला येऊ नकोस. घर मी विकलं. तुझ्या त्या जाड्या माणसाला. सही महिन्यापूर्वीच झाली. तो फक्त छताची ओल बघायला आला होता.

तुझ्या भाच्याने बोलावलं नाही, मीच विचारलं, येऊ का म्हणून. तो म्हणाला, आई, तुझं घर सोडून इथे करमेल का? मी म्हटलं, इथे तरी कुठे करमतंय. जिन्यात दोनदा बसकण मारावी लागली, दिवसभरात बोलायला फक्त दूधवाला. तुला सांगितलं असतं तर तू मला तुझ्याकडे नेलं असतंस आणि गुडघ्याने बेजार वहिनी माझं करत बसली असती. शिवाय तू समजावायला बसलास की मी विरघळते, हे मला ठाऊक आहे.

रोज संध्याकाळी बॅग भरते आणि उपसते. तेवीस किलोत माणसाचं किती बसतं, ते तुला नाही कळायचं. एकटी इस्त्रीच त्यातला चौथा हिस्सा खाते. टाकवेना, नेववेना. हातात दिली असती तर तू का, कशाला करत बसला असतास. सव्वीसशे मी देते, आणि ती हलकी बॅग घेऊन ये. भाव मात्र गिऱ्हाइकाचा लाव.

मला कुणी घाबरवलं नाही, दादा, आणि मी घाईही केली नाही. इस्त्री आदल्या संध्याकाळी तू आंघोळीला गेलास तेव्हाच बॅगेत ठेवली होती. त्यानंतर तू बॅग दोनदा उचललीस आणि दोन्ही वेळा चौदा किलो म्हणालास.

तुझी,
धाकटी