पोटावरचा खड्डा

१४ नोव्हें.
आज खाटेवर उठून बसवतंय, म्हणून इस्पितळातून लिहितोय. धाकटा भाऊ दिल्या चोरून लाइटवाल्या होडीवर जातो. रात्री उजेड दाखवून मासळी ओरबाडायची, नि सकाळी आमच्या रापणीचा, किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा, दोर ओढायला हजर! परवा किनाऱ्यावर मी वल्ह्यानं त्याचे सगळे दिवे फोडले. त्यानं कोयता उचलला. "बबन्या, तुझी चरबी उतरवतंय!" एरवी दादा म्हणतो. पोट फाटलं. पिवळी चरबी माझ्याच हातात आली.

१७ नोव्हें.
डॉक्टरबाई म्हणाल्या, चरबीनंच वाचवलं, पातं आतड्यापर्यंत पोचलं नाही. बायको रडता रडता हसली, "आनी मी रोज ह्या पोटावरसून टोमणे मारतंय!" कडेच्या चरबीचा रक्तपुरवठा तुटला, ती काळी पडली. कापून टाकली. बोंबललो. दिल्याला उभा फाडीन.

२५ नोव्हें.
घरी. खड्ड्याला वास मारतोय. बांगडो मिठात टिकता, मग मी कित्याक नाय? मूठभर जाडं मीठ दाबलं. आवशीचो घोव! वाडी गोळा झाली.

२६ नोव्हें.
बाई भडकल्या. "खारवतात ते मेलेलं. हे जिवंत आहे!" तळाशी लाल दाणे धरले होते, नव्या बारीक रक्तवाहिन्यांचे. मी जाळले. म्हणे आधी त्या येतात, जुनं मोडून नवं मांस बांधलं जातं, मग त्यांच्या कडेनं चरबी धरते. रक्त नाही तर चरबी नाही. गाढव मी. पण ही पाळी आणली कोणी?

९ डिसें.
दाणे परत आले. बोळा लागला की भळकन रक्त. बाई खूश. दिल्या जामिनावर सुटला. आई म्हणते, "तुझोच भाव मां तो?" ताट भिंतीवर मारलं.

२० जाने.
खड्डा भरत आलाय, कडेला मऊ लागतं. बायकोनं चिमटा काढला, "इली रे चरबी परत!" हसलो. दुखलं.

२ फेब्रु.
उद्या रापण. रापणीला दोन दोर, एक सैल पडला की मासळी गेली. एकावर मी, दुसऱ्यावर दिल्या. वाडीनं ठरवलं, दोर सांभाळणारं दुसरं जाणतं माणूस नाही. कोयता घासला. बायको म्हणाली, "ह्यो कित्याक?"
"दोर तोडूक लागता."
खोटं. कमरेला खोचून बघितला. मूठ बरोबर नव्या चरबीवर टेकते. दाबलं की आत ठकठक लागते. दिल्याचा दोर सैल पडला, तर काय करीन, माका ठाव

नाय.