एपेलींच्या डोक्यावरचा वोकाई

प्रिय मेव्हणा मोसेसे यास,

बेटावरून इनोकेचा नमस्कार, आणि आशीर्वादही (तू वयाने लहान म्हणून, अकलेने नाहीस हे तुझी बहीण मला रोज ऐकवते). देवाच्या दयेने आम्ही बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? सुव्यात पाऊस फार, तेव्हा ओल्या गवतावर यंगोना पीत बसू नकोस. माझी तब्येत ठीक, फक्त बूड एका जागी टिकत नाही. एवढं लिहीपर्यंत किनाऱ्यावर जाऊन बोट दिसते का ते बघून आलो. दिसली नाही. आज बोटीचा वारही नाही म्हणा.

तर आपल्या लेकीला, असेनाथाला मागणी घालायला पलीकडच्या बेटावरची माणसं दुपारची आली होती. मुलगा चांगला. मासे मारतो, चर्चमध्ये गातो, माझ्यासमोर मान खाली घालतो. नाव ठेवायला जागा नाही (मी शोधली). त्यांच्या वतीने बोलायला मुलाचे थोरले काका एपेली. तुझी बहीण म्हणत होती चटया घरात घाला, पण वाउच्या झाडाखाली सावली बरी म्हणून मी तिथेच घातल्या. एपेलींनी मागणीचा मान म्हणून आणलेला देवमाशाचा दात दोन्ही हातांत धरून भाषण सुरू केलं, आमच्या घराण्याच्या कौतुकापर्यंत आले, आणि वरून वोकाई पडला. थेट त्यांच्या डोक्यावर.

आमच्या कुळाचा मूळपुरुष म्हणजे हा सरडा, हे तुला ठाऊकच आहे (मी त्याला किती भितो हेही, कुठे बोलू नकोस). हिरवागार, अंगावर पांढरे पट्टे, तुरा उभा, नखं एपेलींच्या केसांत. आणि मोसेसे, एक माणूस हलला नाही! हलणार कसा? दात हातात असताना बोलणारा थांबत नाही, ऐकणारा उठत नाही, आणि वडीलधाऱ्याच्या डोक्याला हात कोण लावणार? एपेली बोलत राहिले. वोकाई रागाने काळा पडत चालला, एपेली पांढरे. तुझी बहीण नेसत्या सुलूचं टोक तोंडात कोंबून हसण्याने गदगदत होती. भाषण असेनाथाच्या गुणांवरून निघून नोहाच्या तारवात शिरलं, तरी संपेना. शेवटी मी ताडकन उभा राहिलो, आणि ‘तिलोउ’ म्हणून माफी न मागताच त्यांच्या डोक्यावर हात घातला.

वोकाई झाडावर पळाला. माझ्या मुठीत एपेलींचे थोडे केस राहिले.

“सरड्याचं मला काही नाही,” एपेली म्हणाले. “तो तुमचा पूर्वज, बसेल कुठेही. पण तुझा हात कुणाचा पूर्वज रे?” दात उचलून सगळी मंडळी बोटीत बसली नि गेली.

तेव्हापासून असेनाथा माझ्याशी बोलत नाही. टॅपिओका अशी सोलते की मला माझीच साल निघाल्यासारखं वाटतं. फार वाईट वाटतं रे. मी आपला दारापासून झाडापर्यंत येरझाऱ्या घालतो.

गुडघ्याला तेल चोळत जा. वहिनींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझा,
इनोके

ता. क. माफीचा दात घेऊन मी गेलो तर ते मला वाळूवर उतरू देणार नाहीत. तुझ्या गावाचा आणि त्यांच्या गावाचा मूळ देव एकच, म्हणून तुमचं थट्टेचं नातं; तू वाटेल ते बोललास तरी एपेलींना हसावंच लागतं. मामा आहेस, माझ्या वतीने तू जा, एवढं कर. दातही तूच आण, माझ्याकडचा अगदीच बारका आहे.

दुसरा ता. क. तशी घाई नाही. ही बोट चुकली तर पुढची. समुद्रही हल्ली खवळलेला असतो, नाताळनंतर आलास तरी चालेल. सकाळचा चहा असेनाथाच करते. ती गेली की मला हे घर खायला उठेल.

तिसरा ता. क. मामा, मी असेनाथा. पाकीट चिकटवायला बाबांनी माझ्याकडेच दिलं. वोकाई रोज दुपारी त्याच फांदीवर झोपतो, आणि दुपारी त्या झाडाखाली सावली नसते. बाबांना दोन्ही माहीत आहे. एपेलीकाका सरड्यालाही हटेनात, तेव्हा बाबा स्वतः उठले. एरवी वोकाईला ते काठीनेही शिवत नाहीत, मामा. त्या दिवशी उघड्या हाताने धरला. म्हणून मला नीट रागावताही येत नाही. पहिल्याच बोटीने या. दात मोठा आणा, आणि बाबांसाठी एक मोठा रुमाल.