बेकारभत्ता आणि डॉक्टरांची बायको

सोमवार, ५ ऑक्टोबर २०२०

गेली नोकरी. सहा वर्षं इथे आयर्लंडमध्ये, कॉर्कच्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, आणि एका व्हिडिओ कॉलवर संपलं. अख्खी टीम पोलंडला हलवली म्हणे. मॅनेजर शेवटी म्हणाला, 'टेक केअर.' तूच घे.

बुधवार, ७ ऑक्टोबर

बेकारभत्त्याचा अर्ज भरायला बसले. चंद्रहास हॉस्पिटलमधून आला, स्क्रीनवर डोकावला आणि त्याचं तोंड असं झालं जसं काही मी देवघरात चप्पल ठेवली. 'डॉक्टरची बायको डोलवर, सरकारी भत्त्यावर? भीक मागायला आलो का आपण इथे?'

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर तर एकेक विद्वान! एक म्हणतो, नवऱ्याचा पगार बघतात, तुला छदामही मिळणार नाही. दुसरी म्हणते, सगळ्यांना महामारीवाला भत्ता मिळतो, डोळे मिटून क्लिक कर. एकानंही वाचलेलं नाही. मी वाचलं. महामारीवाला भत्ता कोविडमुळे नोकरी गेली त्यांना. माझी पोलंडमुळे गेली. घरचं उत्पन्न बघतात तो वेगळा भत्ता. आणि माझा तिसरा — माझ्याच पगारातून दर वेळी पीआरएसआय, म्हणजे सामाजिक विम्याचा हप्ता, कापला जायचा ना, त्याच्या जोरावर मिळणारा. त्याला नवऱ्याच्या पगाराशी देणंघेणं नाही. मुख्य अट एकच: पूर्णवेळ नोकरी करायची तयारी हवी, आणि ती खरोखर शोधत असायला हवं.

म्हणजे मी विमा भरला, विमा मागतेय. चंद्रहासला हे दोनदा सांगितलं. 'लोकांना हे कळतं का?' म्हणाला. लोकांना नाही कळत, तुला कळायला काय झालं?

अर्ज केला.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

पुन्हा लॉकडाऊन. मी अंघोळीला गेले होते, मोबाइल स्वयंपाकघरात. बाहेर आले तर आमची लेक सानिका टोस्ट खात, तिच्या आयरिश इंग्रजीत शांतपणे म्हणते, 'मॅम, सम लेडी रँग फॉर यू. बाबा टोल्ड हर यू डोन्ट वॉन्ट अ जॉब.'

आठ वर्षांची आहे. तिला वाटलं, खरंच असेल.

चंद्रहासला विचारलं. हो म्हणाला, वर हसला. भत्ता देणाऱ्या समाजकल्याण खात्यातून फोन होता, ती बाई मला विचारत होती, आणि याने परस्पर सांगून टाकलं — ती मुलीसाठी घरी थांबलीये, नोकरी नकोय, आम्ही ग्रँड, म्हणजे मजेत आहोत. 'घराची इज्जत राखली,' म्हणाला. 'लोकांत गेलं तर?'

कुठल्या लोकांत? ती बाई काय मंडळात आरतीला येते?

मंगळवार, ३ नोव्हेंबर

व्हायचं तेच झालं. अर्ज थांबवला. फोन केला, नोरीन नावाची बाई होती. 'हिमसेल्फ म्हणाला तू शोधत नाहीस.' हिमसेल्फ म्हणजे इथल्या बोलीत घरधनी. मी सांगितलं, खोटं आहे ते. म्हणाली, कुठे कुठे अर्ज केलेस ते पाठव, शाळेनंतर मुलीला कोण बघेल ते कळव. आणि त्यानेच फोन करून चूक सांगितली तर आणखी बरं.

संध्याकाळी चंद्रहासला म्हटलं, एक फोन कर. तीन वाक्यं बोल.

'मी? सोशल वेल्फेअरला फोन करून सांगू की मी खोटं बोललो?'

बोललास ना पण.

ताट घेऊन टीव्हीसमोर गेला. नऊ वर्षांच्या संसारात पहिल्यांदा एक गोष्ट मागितली होती, असं मला वाटलं. कदाचित पहिली नसेल. बाकीच्या मीच गिळल्या असतील.

शनिवार, १४ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. मंडळाची दिवाळी झूमवर. सगळे कमरेच्या वर जरीत, खाली पायजमे. चंद्रहासने सुरू केलं, 'स्नेहाने सानिकासाठी करिअर सोडलं.' पद्मजा — आमच्या अध्यक्षीणबाई — गहिवरल्या. 'केवढा त्याग गं!' टाळ्यांची चित्रं उडायला लागली.

मी माइक चालू केला. 'सोडलं नाही, मला काढलं. बेकारभत्ता मागितलाय आणि तो यांनी अडवलाय.'

मग पद्मजाताई: 'बरं, चकल्या कोणाच्या कुरकुरीत झाल्यात?'

सोमवार, १६ नोव्हेंबर

तो बोलत नाही. घरात किती बरं वाटतंय.

बुधवार, २ डिसेंबर

मंजूर! त्याच्या फोनशिवाय. केलेले अर्ज पाठवले, शेजारची मेव्ह शाळेनंतर सानिकाला बघेल असं तिच्याकडून लिहून घेतलं, झालं. अर्जाच्या पहिल्या दिवसापासून धरलाय.

बाथरूममध्ये जाऊन रडले. पैशाचं एवढं नाही. नोकरी गेलेली बाई, असं कुणीतरी मला म्हटलं. घरी बसलेली नाही म्हटलं.

चंद्रहासने नागपूरला आईंना सांगितलं, कंपनीने नुकसानभरपाई दिली. ऐकलं मी. आता खोडूनही काढावंसं वाटत नाही.

शुक्रवार, २२ जानेवारी २०२१

परिस्थिती बदलली की खात्याला कळवावं लागतं. नोरीनला फोन केला. नोकरी लागली, नावनला, इथून तीन तासांवरच्या गावात, एक तारखेपासून. भत्ता बंद करा. तिला मनापासून आनंद झाला. नवा पत्ता दिला. लिहून घेता घेता सहज म्हणाली, 'आणि हिमसेल्फ? तोही येतोय?'

'नाही. मी आणि सानिका.'

मागे वळले तर चंद्रहास दारात उभा. त्याला हे असंच कळलं.