सोमवारी धावणारे घोडे

सोमवार, ३ ऑगस्ट १९३६

पुन्हा जिंकले. सलग चौथा सोमवार. आता मला कुणीतरी आवरायला हवं.

पुण्यात घोडे शनिवारी धावतात, हिंगोलीत सोमवारी. कारण निकाल छापलेला मुंबईचा पेपर सोमवारी दुपारच्या गाडीने येतो. तोवर हिरासिंग खुशाल पैजा घेतो. घोडदळातला जुना सवार, पलटण गेली तसा टांगा हाकू लागला. टांग्याच्या मागच्या फळीवर खडूने घोड्यांचे भाव लिहितो, एका रुपयावर किती नफा ते. निवृत्त तार-मास्तरांची बायको टांग्याच्या अड्ड्यावर कशी जाणार? म्हणून आमची कामवाली पंचफुला जाते — भाजीच्या निमित्ताने. भाजी बहुतेक वेळा विसरते.

यांना अर्थात काही ठाऊक नाही. "घोड्याच्या शेपटीला घरं बांधून गेलेली माणसं पाहिलीत मी," हे वाक्य लग्नापासून ऐकते आहे.

गुरुवार, ६ ऑगस्ट

माझं शास्त्र लिहून ठेवते. छप्पन्नाव्या वर्षी सापडलंय, वाया जायला नको.

शनिवारचा भाव म्हणजे गावगप्पा. सगळे एकाच नावाजलेल्या घोड्यामागे धावतात, म्हणून त्याचा भाव उतरतो. त्यात अर्थ नाही. पण रविवारी दुपारी, कुणी विचारत नव्हतं अशा घोड्याचा भाव एकाएकी कोसळला, तर समजावं — कुणीतरी जाणता माणूस पैसे लावतो आहे. त्याच्यामागे गुपचूप जावं.

"पाचव्या वळीचा धा पुसून तीन लिवला, बाईसाहेब. काहून?" पंचफुलाने रविवारी विचारलं. मी हे सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग घोडा पाहायचाच न्हाई म्हना. मानूस पाहायचा."

तो माणूस कोण, हे मी विचारलं नाही. विद्वानांना असले प्रश्न सुचत नाहीत.

सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात शर्यतीच्या दिवशी सिस्टर बेनेडिक्टा पश्चिमेच्या, मैदानाकडच्या खिडक्या लावून घ्यायच्या. तरी टापा ऐकू यायच्या. आम्ही मुली मान खाली घालून शिवता शिवता मनातल्या मनात घोडे लावत असू. हरेल तिने जिंकलेलीची शिवण पुरी करायची. माझी शिवण आजही सुरेख आहे, यावरून काय ते समजावं. त्या खिडक्यांच्या फटीतून येणारी ती उन्हाची पट्टी मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

सोमवार, १० ऑगस्ट

तिहेरी डाव जिंकले!

तीन शर्यती, तिन्हीत आपला घोडा पहिला यायला हवा. एक चुकला की सगळं गेलं. तिन्ही आले तर भाव एकमेकांना गुणत जातात. मी पहिल्या शर्यतीत एकच घोडा धरला, खात्रीचा. दुसरीत दोन, तिसरीत तीन. सहा चिठ्ठ्या झाल्या. पाच फुकट जाणार हे ठरलेलं, सहावी सगळ्यांचं भरून काढते. सिस्टरांनी गणितात मला नापास केलं होतं.

हिरासिंगने पैसे मोजून दिले. पंचफुलाला म्हणाला, "बाईसाहेबांचा हिसाब बराबर हाय. आमचाच कच्चा निघाला."

मग ती भांडी घासता घासता म्हणाली, "चांदणीला दोन दिस चंदी न्हाई. नुसत्या गवतावर उभी हाये. घोडी इकायला काढून राहिला म्हनतेत."

चांदणी म्हणजे त्याची घोडी. कपाळावर पांढरा ठिपका. आमच्या दारावरून जाताना मान हलवते, ती मलाच बघून हलवते असा माझा समज आहे.

बुधवार, १२ ऑगस्ट

जेवण गेलं नाही. घोडी विकली तर टांगा काय तो स्वतः ओढणार?

रविवार, १६ ऑगस्ट

आज पंचफुलाला भाव बघायला नाही, भाव पाडणारा बघायला पाठवलं.

परत आली ती पदराशी चाळा करत. "सटवाजी हमाल येतो, बाईसाहेब. पर पैसे त्याचे न्हाईत. टेसनावर आपल्या मालकांनी दिले. म्या डोळ्यानं पाहिलं."

हे जेवून आरामखुर्चीत बसले होते. मी सरळ विचारलं, "कोणता घोडा येणार, हे तुम्हाला कसं कळतं?"

त्यांनी खुर्चीच्या हातावर बोट वाजवलं. मग म्हणाले, "येणार नव्हे. आलेला."

वसमतच्या कुणा शौकिनाला रविवारी सकाळी पुण्याच्या निकालाची तार येते. तारेवरच्या सगळ्या स्टेशनांत यंत्रं एकदम वाजतात, आमच्याही. हे फलाटावरच्या बाकावर नुसते बसलेले असतात. "कान मिटता येत नाहीत ना, अगं."

"आणि पैसे लावणं?"

"तीस वर्षं लोकांच्या बातम्या लोकांना पोचवल्या. एकदा वाटलं, एखादी आपल्याकरता ठेवावी."

म्हणजे मी जिच्यावर शास्त्र उभारलं ती ही टकटक. जाणता माणूस रोज माझ्याच हातचं पिठलं खात होता. आणि आम्ही दोघांनी, एकमेकांपासून चोरून, एका टांगेवाल्याला लुटलं.

मी म्हटलं, परत करा. पण कसे? हिरासिंग कुणाची भीक घेणार नाही. खरं सांगावं तर यांचं नाव मातीत जातं — ज्या तार-मास्तरांनी कधी कुणाची तार फोडली नाही, त्यांचं.

मार्ग मीच काढला. जिंकायचं कळतं, तर हरायचंही कळतं! निकाल यांना ठाऊक आहेच. वीस रुपयांचा तिहेरी डाव, मुद्दाम हरणारा.

हे म्हणाले, "तिन्ही हरलेले घोडे लाव."

इथे माझी प्रतिष्ठा आडवी आली. बाईसाहेब तिन्ही चुकतात? हिरासिंगला संशय येईल. मी पहिले दोन जिंकलेले धरले, एकास दोन आणि एकास तीन. तिसऱ्या शर्यतीत मात्र दुसरा आलेला, एकास आठवाला. थोडक्यात हरले, असं दिसावं.

"फार शहाणी आहेस," हे म्हणाले. मी ते कौतुक समजले.

सोमवार, १७ ऑगस्ट

पेपर आला. तिसऱ्या शर्यतीत पहिला आलेला घोडा वाटेत दुसऱ्याला आडवा गेला, म्हणून तक्रार झाली. तक्रार मान्य झाली. त्याला बाद करून दुसऱ्याला पहिला ठरवलं. हे सगळं शनिवारी रात्री, वसमतची तार पुण्यात देऊन झाल्यावर.

मुद्दल धरून तिप्पट, त्याच्या चौपट, त्याच्या नऊपट: वीस रुपयांचे दोन हजार एकशे साठ. चांदणी, टांगा आणि हिरासिंग, तिघांना विकलं तरी होत नाहीत.

पंचफुलाबरोबर निरोप धाडला, पैसे नकोत, चिठ्ठी फाडली. तिने उत्तर आणलं: "सवारानं जबान दिली म्हंजी दिली. बाईसाहेबांनी मला लहान करू न्हाई."

हे जेवले नाहीत. मीही.

मंगळवार, १८ ऑगस्ट

सकाळी दार उघडलं तर चांदणी टांग्याला जुंपून उभी. फळी स्वच्छ पुसलेली. हिरासिंग नाही. "कळमनुरीच्या वाटंनं पायी गेला," पंचफुला म्हणाली, "हाका मारल्या, मागं न्हाई पाहिलं."

हे नोकरीतला पितळी बटणांचा कोट घालून बाहेर आले आणि लगाम हाती घेतला. "बस मागं. त्याला गाठू. सांगणार मी, तू नाही."

खाली थांबलेत. बाजारातूनच, सगळ्या गावादेखत जावं लागेल. दुसरा रस्ता नाही.