दत्तात्रेयच्या कारखान्याचं पान

शनिवार, १२ जून १९९९. सकाळी ११.२०
नेमक्या या वेळी अनिताने माझ्या पानाचा कोपरा माऊसने ओढून भर क्लासमध्ये त्याची रुंदी निम्मी केली. चार ओळींच्या नऊ झाल्या. गणपतीचं चित्र तळाला गेलं. वर म्हणते, "मावशी, वेबचं पान बघणाऱ्याच्या स्क्रीनएवढं होतं. फूटपट्टी बाजूला ठेवा आता." मी हिची मावशी नाही. तीस वर्षं मुंबईत कॅटलॉग मांडले. कुणा गिऱ्हाइकाने कागद घरी नेऊन आखूड केल्याचं ऐकलं नाही. छपाईवाल्यांना वेब शिकवायला निघाली आहे!

दत्तात्रेय आपल्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यासाठी क्लासमधलं एक पान निवडणार. त्याची कार्डं कायम मीच केली. निवडायचं काय त्यात?

मंगळवार, १५ जून
उपाय सापडला. अक्षरं, चौकट, गणपती, सोनेरी नक्षी, सगळ्याचं मिळून एकच चित्र केलं. आता ओढ कोपरा! अनिता म्हणते, जड आहे, फोनच्या लाइनवरून उतरायला वेळ लागेल. लागू दे. घाई वाईट, असं आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणत.

बुधवार, १६ जून
प्रिंट काढून दत्तात्रेयची प्रूफवर सही घेतली. त्याने वाचलं नाही. सही ती सही.

क्लासमधली रोह्याची मालू लग्नपत्रिका छापते. तिचं पान म्हणजे साधी अक्षरं आणि अंगठ्याएवढा गणपती. पथ्याचं जेवण. कीव आली.

शनिवार, १९ जून
दत्तात्रेयने रोह्यात मेव्हण्याच्या दुकानी दोन्ही पानं पाहिली. मालूचं लगेच उघडलं म्हणे. माझ्या पानावर मुकुट आला, कपाळ आलं, मग चहा आला आणि लाइन कटली. पुन्हा लावली. पुन्हा मुकुट. मला म्हणाला, "बाई, तुमचा गणपती कपाळाखाली उतरतच नाय वो! दुबईचं गिऱ्हाईक काय मुकुटालाच नमस्कार करणार?" पान मालूचं घेतलं.

दोष रोह्याच्या टेलिफोनचा. सही मोडल्याचा लेखी खुलासा मागवला आहे.

सोमवार, २१ जून
खुलासा नाही. दत्तात्रेय स्वतःच हसत आला. मालूच्या पानाचा पत्ता घालून नवी कार्डं हवीत. "कार्ड तुमच्यासारखं कोण करणार, बाई?" मी साफ नकार दिला.

संध्याकाळी ७
त्याला पाठवायची चिठ्ठी:
सोबत कार्डाचं प्रूफ. वेबचा पत्ता मालूने दिला तसाच घातला आहे. उघडतो की नाही, ते तिला विचारावे. गुरुवार, २४ जून, संध्याकाळी पाचच्या आत लेखी मंजुरी हवी. तोंडी चालणार नाही. या वेळी वाचून सही करावी. एकदा छापलं की कोपरा ओढता येत नाही.