करंगळीचं आधी वाचा

बॉन, १२ नोव्हेंबर १९६१

तीर्थरूप अण्णांस,

सध्या एका हाताने नमस्कार करते, तो पुरा मानून घ्या. उजवा हात शाबूत आहे, हे अक्षरावरून दिसेलच.

आमच्या संस्थेत वाळवंटातल्या ज्वालामुखी डोंगरांतून काळ्या काचेचे दगड आले आहेत. लाव्हा झटकन निवून झालेली ही काच, नारळाएवढी. गुरुवारी एक फोडायचा होता. मुळाक्षरांपासून नारळ फोडण्यापर्यंत सगळं मला तुम्हीच शिकवलंत. तसाच मी तो डाव्या तळहातावर धरला आणि हातोडी घातली. यात तुमचा दोष नाही.

दगडाचं पातं निघून तळव्यात हाडापर्यंत शिरलं. रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली. प्रयोगशाळेतले श्रीयुत योस्ट युद्धात जखमी सैनिकांना उचलून आणायचे. त्यांनी कमरेचा पट्टा काढून माझ्या दंडाला करकचून आवळला. मला घेरी येताच फाडकन थोबाडीत मारली. म्हणाले, "आत्ता झोपायचं नाही, फ्रॉइलाइन. हात कापायला घेतील तेव्हा झोपा."

हात वाचला. टाके घातले आहेत. दोन बोटं पुन्हा हलतील याची डॉक्टर खात्री देत नव्हते. आज सकाळी करंगळी हलली. शेजारचं बोट अजून नाही.

तुमचा खोकला कसा आहे? आई माझी पत्रं अजून तुमच्याकडूनच वाचून घेते ना? तिच्यापासून काही गाळू नका. तशी सवय तुम्ही मला लावली नाहीत. फक्त करंगळीचं आधी वाचा.

तुमची,
सुलेखा